मिसाईल आपलं, परवानगी कुणाची?

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, बसमध्ये असाल तर ऐका. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कापलेत, बाकी जसंच्या तसं.)

आज आपण क्षेपणास्त्रांबद्दल बोलणार आहोत. पण कोणतं किती वेगाने जातं आणि कोणाचं भारी, असला एपिसोड नाही हा. त्यासाठी रील्स भरपूर आहेत. आजचा प्रश्न वेगळा आहे. शस्त्र तुमच्या हातात आहे, शत्रू तुमच्या समोर आहे, युद्ध तुमच्या अंगणात चालू आहे. तरी ते शस्त्र कुठे मारायचं हे ठरवणारा माणूस भलत्याच देशात बसलेला असू शकतो का?

हो, असू शकतो. आणि ही गोष्ट नाशिकपासून सुरू करता येते.

ओझरचे दोन दिवस

२५ जून २०१६. आपल्या ओझरच्या एचएएलच्या धावपट्टीवरून एक सुखोई-३० उडालं. त्याच्या पोटाखाली जवळपास अडीच टनांचं ब्रह्मोस लटकवलेलं होतं. एवढं जड क्षेपणास्त्र लढाऊ विमानाला बांधून उडवायची ही पहिली वेळ. त्यासाठी विमानाचा सांगाडा मजबूत करावा लागला होता, वायरिंग बदलावं लागलं होतं. हे सगळं काम नाशिकमध्ये झालं.

दोनच दिवसांनी, २७ जूनला, दिल्लीत एक कागदी काम झालं. भारत एमटीसीआर नावाच्या गटाचा ३५ वा सदस्य झाला. फोटोजेनिक बातमी नव्हती, त्यामुळे फारशी कोणी पाहिली नाही. पण त्या सुखोईखालच्या ब्रह्मोसचं भवितव्य या कागदाने जास्त बदललं.

कसं? ब्रह्मोसचा पल्ला तेव्हा २९० किलोमीटर सांगितला जायचा. आता विचार करा, २९० च का? इंजिनियर माणूस आकडा गोल करतो. ३०० का नाही?

कारण ३०० ही एमटीसीआरची रेषा आहे. १९८७ मध्ये जी-७ देशांनी हा गट बनवला. नियम सोपा: ५०० किलो वजन ३०० किलोमीटरच्या पुढे नेऊ शकणारं क्षेपणास्त्र किंवा त्याचं तंत्रज्ञान शक्यतो कोणाला द्यायचं नाही. ५०० किलो म्हणजे सुरुवातीच्या पिढीतल्या अणुबॉम्बचं ढोबळ वजन, असा हिशेब. हा करार नाही, बंधनकारक कायदा नाही, सदस्यांनी स्वतःहून पाळायची शिस्त आहे. पण पाळतात.

ब्रह्मोस भारत आणि रशियाचं संयुक्त उत्पादन. करार १९९८ चा, पहिली चाचणी १२ जून २००१ ची. रशिया एमटीसीआरमध्ये होता, आपण नव्हतो. म्हणजे रशियाला आपल्याबरोबर ३०० च्या पुढचं काही बनवायची सोय नव्हती. म्हणून २९०. आपण आत गेलो आणि ११ मार्च २०१७ ला जास्त पल्ल्याच्या ब्रह्मोसची चाचणी झालीसुद्धा, ४०० किलोमीटरच्या पुढच्या पल्ल्याची. नऊ महिन्यांच्या आत.

आमच्या धंद्यात याला ओळखीचा शब्द आहे: फीचर तयार असतं, लायसन्स नसतं.

नाशिक-पुणे हायवेवरचं युक्रेन

आता हाच प्रश्न चालू युद्धात कसा दिसतो ते बघू. युक्रेनचा नकाशा डोळ्यासमोर येत नाही ना? काही हरकत नाही. आपण नाशिक-पुणे हायवे वापरू. अंतरं ढोबळ धरा.

खार्कीव हे युक्रेनचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. युद्धाआधी लोकसंख्या साधारण १४ लाख. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १५ लाखांच्या जवळ होतं, म्हणजे आपल्याएवढंच. रशियाची सीमा तिथून ३० किलोमीटरवर. तर समजा, नाशिक म्हणजे खार्कीव आणि सिन्नरला सीमा आहे. सिन्नरच्या पुढे सगळा शत्रूचा प्रदेश.

रशिया वापरतो ते ग्लाइड बॉम्ब. साध्या जुन्या बॉम्बला पंख आणि दिशा देणारं किट बसवायचं, उंचावरून सोडायचं, तो तरंगत ५०-७० किलोमीटर येतो. स्वस्त आणि भयानक. म्हणजे शत्रूचं विमान संगमनेरवर घिरट्या घालतं, तिथूनच बॉम्ब सोडतं आणि परत जातं. नाशिकच्या आकाशात ते कधी येतच नाही. आणि ते विमान उभं कुठे असतं? समजा पुण्याच्या तळावर, २०० किलोमीटरवर.

आता तुम्ही नाशिकचे सेनापती आहात. बॉम्ब हवेत सुटल्यावर तो पाडणं फार अवघड. छोटा, स्वस्त, इंजिन नाही. शहाणपणाचं काम म्हणजे विमान पुण्यात जमिनीवर उभं असतानाच मारायचं. त्यासाठी लागणारं क्षेपणास्त्र तुमच्या गोदामात आहे. पण ते ज्याने दिलं त्याने अट घातली आहे: सिन्नरच्या पुढे मारायचं नाही.

२०२४ च्या मे महिन्यापर्यंत खार्कीवची परिस्थिती अक्षरशः ही होती. १० मे रोजी रशियाने सीमेपलीकडून नवीन हल्ला सुरू केला. सैन्य सीमेच्या पलीकडे गोळा होताना दिसत होतं, पण अमेरिकी शस्त्राने तिथे मारता येत नव्हतं. २५ मे, शनिवार, दुपारी शहरातल्या एका मोठ्या सुपरस्टोअरवर ग्लाइड बॉम्ब पडले. घराचं सामान, रंग, फरशा असल्या वस्तूंचं दुकान. लोक खरेदीला आले होते. पंधराहून अधिक माणसं गेली.

पाच दिवसांनी, ३० मे ला, बायडन प्रशासनाने पहिली सूट दिल्याची बातमी आली. फक्त खार्कीवच्या आसपास, सीमेपलीकडून हल्ला करणाऱ्यांवर अमेरिकी शस्त्र वापरा. पण लांब पल्ल्याचं अटॅकम्स नाही. म्हणजे सिन्नर ओलांडा, पण पुण्याकडे बघू नका.

परवानगीची टाइमलाइन

ही सूट एकदम नाही आली. तुकड्या-तुकड्याने आली, आणि प्रत्येक तुकड्याला महिने लागले.

मे २०२३: ब्रिटनने स्टॉर्म शॅडो दिलं. विमानातून सोडायचं क्रूझ क्षेपणास्त्र, पल्ला २५० किलोमीटरच्या पुढे. फ्रान्सने जुलैमध्ये त्याचंच जुळं भावंड दिलं, त्याचं नाव स्काल्प. अट: युक्रेनच्या मान्य सीमेच्या आतच वापरायचं. क्रिमिया चालेल, कारण तो कायद्याने युक्रेनचा. त्याच सप्टेंबरमध्ये सेवास्तोपोलमधल्या रशियन आरमाराच्या मुख्यालयावर ते आदळलं.

ऑक्टोबर २०२३: अमेरिकेने दिलेलं अटॅकम्स पहिल्यांदा वापरलं गेलं. पण जुना प्रकार, पल्ला १६५ किलोमीटर. ३०० किलोमीटरवालं २०२४ च्या वसंतात गुपचूप पाठवलं आणि नंतर जाहीर केलं. रशियाच्या भूमीवर मात्र नाहीच.

सप्टेंबर २०२४: ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर वॉशिंग्टनला जाऊन बायडनना भेटले. चर्चेत हाच विषय. गंमत बघा, क्षेपणास्त्र ब्रिटनचं, वापरणारा युक्रेन, आणि विचारायला जायचं अमेरिकेला. कारण त्यात अमेरिकी माहिती आणि तंत्रज्ञान गुंतलेलं आहे, असं तेव्हाच्या बातम्या सांगत होत्या.

१७ नोव्हेंबर २०२४: बायडननी अटॅकम्स रशियात वापरायला परवानगी दिल्याची बातमी. १९ ला ब्रियान्स्क भागातल्या दारूगोळ्याच्या कोठारावर पहिला मारा. २० ला स्टॉर्म शॅडो. २१ ला रशियाने ओरेश्निक नावाचं नवीन मध्यम पल्ल्याचं क्षेपणास्त्र डनिप्रो शहरावर टाकलं.

जर्मनी? त्यांचं टॉरस ५०० किलोमीटर जातं. चान्सलर शोल्झ यांनी शेवटपर्यंत दिलंच नाही.

कुलूप नेमकं कुठे असतं?

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो हा भाग. अट घातली म्हणजे काय केलं? क्षेपणास्त्राला कसं कळतं सिन्नर कुठे संपतं? कुलपं चार जागी असतात.

पहिलं, कागदावर. शस्त्र विकताना घेणाऱ्याकडून लिहून घेतात: कशासाठी वापरणार, दुसऱ्याला देणार नाही, तपासणीला येऊ देणार. अमेरिकेत यासाठी १९७६ चा शस्त्रनिर्यात कायदा आहे. हे कुलूप मोडता येतं. पण मोडलं तर पुढचा ट्रक येत नाही.

म्हणून दुसरं कुलूप पुरवठ्याचं. मोजकीच क्षेपणास्त्रं द्यायची. महिन्याला थोडी आली की माणूस आपोआप देणाऱ्याचा मूड सांभाळून वागतो. रिचार्ज दुसऱ्याच्या हातात असल्यासारखं.

तिसरं, माहितीचं. स्टॉर्म शॅडोसारखं क्षेपणास्त्र जमिनीला चिकटून उडतं. खालच्या भूभागाचा नकाशा त्याच्या मेमरीत असतो, तो जुळवत जातं. शेवटी इन्फ्रारेड कॅमेऱ्याने दिसणारं चित्र आधी भरलेल्या चित्राशी ताडून बघतं. हे नकाशे, ही चित्रं, विमान आज नक्की कुठे उभं आहे ही उपग्रहाची खबर, हे सगळं कुणीतरी पुरवावं लागतं. क्षेपणास्त्र तुमच्याकडे आहे, डेटा त्याच्याकडे. डेटा नाही दिला तर तुमच्याकडे काही कोटींचं लोखंड आहे.

आणि चौथं, थेट यंत्रात. डिसेंबर २०२२ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली की युक्रेनला दिलेल्या हायमार्स लाँचरमध्ये अमेरिकेने आधीच असा बदल केला होता, की त्यातून लांब पल्ल्याचं अटॅकम्स सुटूच नये. कुठून मिळालं तरी. ही तर शुद्ध रीजन लॉकची कल्पना झाली.

चारही कुलपांत एक गोष्ट समान आहे. बाहेरून काहीच दिसत नाही. परेडमध्ये क्षेपणास्त्र तेवढंच चकचकीत दिसतं.

नाही म्हणणारे वेडे होते का?

नाही. त्यांची बाजू नीट ऐकू.

पहिला मुद्दा, युद्ध वाढण्याची भीती. रशियाकडे जगातला सर्वांत मोठा अण्वस्त्रसाठा आहे. १२ सप्टेंबर २०२४ ला पुतिन म्हणाले की अशी परवानगी म्हणजे नाटो देश स्वतः युद्धात उतरले असं आम्ही समजू. त्यांचा युक्तिवाद वर सांगितलेल्या तिसऱ्या कुलपावरच उभा होता: डेटा नाटोचा, तर मारणारा कोण? १९ नोव्हेंबरला, अटॅकम्स पडलं त्याच दिवशी, त्यांनी अण्वस्त्र वापराच्या धोरणातल्या बदलावर सही केली. पुढे अण्वस्त्र वापरलं गेलं नाही हे खरं. पण निर्णय घेताना हे कोणालाच माहीत नव्हतं. निकाल लागल्यावर पेपर सोपा वाटतो.

दुसरा मुद्दा, आता उपयोग किती? अमेरिकी अधिकारी सांगत होते की ग्लाइड बॉम्ब टाकणारी बहुतेक विमानं रशियाने आधीच ३०० किलोमीटरच्या पलीकडे हलवली आहेत. आपल्या भाषेत, पुण्याची विमानं कोल्हापूरला गेली. नाशिकहून ती आता टप्प्यातच नाहीत. युक्रेनचं उत्तर असं, की विमानं हलतात, पण कोठारं, मुख्यालयं, रेल्वेचे अड्डे एवढे सहज हलत नाहीत. शिवाय विमान कोल्हापूरहून यायचं तर दिवसात फेऱ्या कमी होतात, तेही काही कमी नाही.

तिसरा मुद्दा, साठा. अटॅकम्स काही बिस्किटाच्या पुड्यासारखं छापून येत नाही. अमेरिकेला स्वतःसाठीही ठेवायचं होतं.

पण या वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंना नाकारता आली नाही: वेळेची. परवानगी महिनोन् महिने वर्तमानपत्रांत चर्चेत राहिली. ती चर्चा रशियाही वाचत होता. उशिरा मिळालेली परवानगी म्हणजे अर्धी परवानगी.

मग युक्रेनने काय केलं? स्वतःचं बनवायला घेतलं. ज्याला कुणाचं कुलूप नाही असं. १८ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे परवानगीच्या दोन महिने आधीच, त्यांच्या ड्रोन्सनी रशियातलं तोरोपेत्सचं प्रचंड कोठार उडवलं, सीमेपासून जवळपास ५०० किलोमीटर आत. १ जून २०२५ ला ट्रकांमध्ये लपवून नेलेले ड्रोन थेट सैबेरियातल्या तळांवर सोडले, ४००० किलोमीटरहून लांब. एकाही परदेशी परवानगीशिवाय.

हे आपल्याला आधीच माहीत होतं

कुणाला वाटेल हे सगळं लांबचं आहे. पण आपल्या घरात या गोष्टीचा मोठा अनुभव आहे, आणि तो दोन्ही बाजूंचा आहे.

१९५४ मध्ये अमेरिका पाकिस्तानला शस्त्रं द्यायला लागली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून आश्वासन दिलं: ही शस्त्रं आक्रमणासाठी वापरली गेली तर आम्ही पावलं उचलू. कम्युनिस्टांना रोखायला दिलेले ते पॅटन रणगाडे १९६५ मध्ये पंजाबात आपल्यावर आले. कागदावरच्या कुलपाने त्यांना अडवलं नाही. असल उत्तरला आपल्या जवानांनी अडवलं. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पकडलेला पॅटन उभा आहे, पुढच्या वेळी शिर्डी करून तिकडे जा. आणि अमेरिकेने त्या सप्टेंबरात काय केलं? दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा बंद केला. हल्ला करणाऱ्याचाही आणि ज्याच्यावर झाला त्याचाही.

पुढे १९९२-९३. इस्रो रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान घेणार होती, उपग्रह सोडण्यासाठी. अमेरिकेने तीच एमटीसीआरची रेषा दाखवली, निर्बंध लावले, आणि रशियाने तंत्रज्ञान देणं रद्द केलं. तयार इंजिनं मिळाली, विद्या नाही. आपलं स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन घेऊन जीएसएलव्ही यशस्वी झालं ५ जानेवारी २०१४ ला. मधली वीस वर्षं मोजा.

आणि १९९८. पोखरणनंतर अमेरिकेने निर्बंध लावले. मुंबईत कुलाब्याच्या तळावर नौदलाची सी किंग हेलिकॉप्टर्स होती. विकत घेतलेली ब्रिटनकडून. पण मूळ रचना अमेरिकी, सुटे भाग अमेरिकी. भाग थांबले आणि हेलिकॉप्टर्स जमिनीवर बसली. स्टॉर्म शॅडोची गोष्ट आठवते का? ब्रिटनचं, पण चावी तिसरीकडे. कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल: तुम्ही एक लायब्ररी घेता, ती आतून दुसरीवर अवलंबून असते, आणि बंद पडते ती दुसरी.

आता आपण देणारे झालोय

गोष्ट इथे उलटी फिरते. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सने भारताशी ब्रह्मोसचा करार केला, साधारण ३७.५ कोटी डॉलर्सचा. एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप पोचली. त्यांना ती हवीत दक्षिण चीन समुद्रासाठी. आता कुलूप लावणारे आपण आहोत. आणि ब्रह्मोस संयुक्त असल्यामुळे कोणाला विकायचं यात रशियाची संमतीही लागते. म्हणजे आपणही अजून अर्धे भाडेकरू.

देणाऱ्याची डोकेदुखी काय असते तेही आपण चाखलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की भारतीय कंपन्यांनी युरोपला विकलेले तोफगोळे पुढे युक्रेनला पोचले. परराष्ट्र मंत्रालयाने ती बातमी तर्कांवर आधारलेली आणि दिशाभूल करणारी म्हटलं. कोण बरोबर यात मी पडत नाही. मुद्दा असा, की विकलेलं शस्त्र पुढे कुठे जातं हा प्रश्न आता दिल्लीलाही विचारला जातो.

आणि ओझर? १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथून नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. अभिमानाची गोष्ट, नक्कीच. पण त्याच विमानाच्या वेळापत्रकाला मोठा उशीर झाला, त्याचं एक मुख्य कारण इंजिन. इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं, ९९ इंजिनांचा करार २०२१ चा, पहिलं हातात आलं मार्च २०२५ मध्ये. यात कुणाचं कारस्थान असायची गरज नाही. साखळीतली एक कडी दुसऱ्याकडे असली की वेळही दुसऱ्याची लागते.

'मग सगळं इथेच बनवा' हे म्हणायला सोपं आहे. सगळं कोणताच देश बनवत नाही. अमेरिकाही नाही. खरा प्रश्न कोणती कडी आपल्या हातात असलीच पाहिजे हा आहे. माझं मत विचाराल तर डेटा आणि सोर्स कोड. लोखंड उशिरा आलं तर थांबता येतं. पण ऐन वेळी नकाशा कुणी दिला नाही, सॉफ्टवेअर कुणी उघडलं नाही, तर थांबायला वेळच नसतो.

तर पुढच्या वेळी 'भारताने अमुक शस्त्र विकत घेतलं' अशी हेडलाइन दिसली की पल्ला आणि वेग बघून शेअर करू नका लगेच. चार प्रश्न विचारा. कागदावर काय लिहून दिलंय? पुढची खेप कोणाच्या हातात आहे? लक्ष्याची माहिती कोण भरणार? आणि आतलं सॉफ्टवेअर कोण उघडू शकतं? उत्तरं बातमीत नसतील बहुतेक वेळा. तरी विचारा. कारण खार्कीवच्या त्या दुकानात शनिवारी खरेदीला गेलेल्या माणसांच्या बाबतीत या चार प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या खंडातल्या एका बैठकीत अडकलेली होती.

आजच्यापुरतं एवढंच. असहमत असाल तर व्हॉइस नोट पाठवा, चांगल्या मुद्द्यांवर पुढच्या भागात बोलू. भेटूया!